गाठ दाखव

त्या घरात शिरायचं तर आधी एक मोथा उपटावा लागायचा. मग तुम्ही कोणी का असेना. सिलिंडरवाला असो, लाइटचं मीटर बघायला आलेला माणूस असो, नाहीतर कॉलनीचे अध्यक्ष असोत. फाटकाच्या आत डाव्या हाताला लॉन, लॉनच्या कडेला एक फुटकी बादली आणि बादलीपाशी उकिडव्या बसलेल्या आमच्या घरमालकीण काकू. अंगात गाऊन, गाऊनवर गेलेल्या नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा, हातात विळा. वर न बघताच त्या म्हणायच्या, "एक काढ अन् मंग जा." माणूस वाकून काहीतरी हिरवं उपटायचा आणि बादलीत टाकायला जायचा, तोच त्यांचा हात मध्ये यायचा.

"गाठ दाखव."

मोथा म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो सुखी माणूस. दिसायला गवतच, फक्त पातं जरा चकचकीत आणि घाईघाईने वाढणारं. उपटायला गेलं तर पटकन हातात येतं, आपण खूश होतो. पण खाली जमिनीत त्याची काळी गाठ असते, हरभऱ्याहून थोडी मोठी, आणि त्या गाठीला दोऱ्यासारख्या मुळीने बांधलेली दुसरी गाठ. पातं हातात आलं आणि गाठ खाली राहिली, की आठ दिवसांत एकाच्या जागी तीन उभे. म्हणून काकूंना पात्याचं कौतुक नव्हतं. गाठ आली तरच उपटलं, नाहीतर परत बसा.

मी खोली बघायला गेले त्या दिवशी अंगात इस्त्रीचा ड्रेस होता आणि हातात फाईल. मी कामठीची. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग चालायचे, अंगणाच्या नावाने फरशी, मातीशी माझा संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. नोकरी लागली ती थेट नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, विमानतळाच्याही पलीकडे, एका विमा कंपनीच्या ऑफिसात. कामठीहून बस, मग ऑटो, मग परत ऑटो, असं वर्षभर करून माझी कंबर गेली होती. म्हणून ऑफिसजवळ, बेसाला खोली शोधत होते. भाडं किती, पाणी किती वेळ येतं, हे विचारायच्या आत या बाईने माझ्या हातात विळा दिला. मी चार मोथे तोडले, पाचव्याला गाठ आली. ती त्यांनी उन्हात धरून बघितली आणि म्हणाल्या, "हात नाजूक हाय, पन शिकशीन. वरची खोली घे." झाली माझी मुलाखत.

चार वर्षं राहिले मी तिथे. कामठीला आईला फोन केला की ती विचारायची, "कशी आहे गं तुझी घरमालकीण?" आणि मला एका वाक्यात सांगता यायचं नाही. खडूस म्हणावं तर सकाळी दाराशी गरम भाकरी आणि तरोट्याची भाजी ठेवून जायच्या. प्रेमळ म्हणावं तर माझ्या मैत्रिणीला, जी पहिल्यांदाच येत होती आणि हातात केक होता, तिला त्यांनी पंधरा मिनिटं उन्हात बसवलं होतं.

काकू सावनेरकडच्या एका गावच्या. कापसाचं शेत होतं, आणि लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षं त्यांनी त्यात निंदण केलं. तिकडे तण काढण्याला निंदणं म्हणतात. मी एकदा चावटपणाने म्हटलं होतं, "काकू, तुम्ही लोकांची निंदा करत नाही, फक्त गवताची करता." तर म्हणाल्या, "लोकाईची केली त लोकं सुधरतात का? गवत त निंघून जाते." बोलताना त्या 'ळ'चा 'य' करायच्या आणि 'ण'चा 'न'. डोळ्याचा डोया व्हायचा, हरळीची हरयी. मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर माझ्याही तोंडातून तसंच यायला लागलं आणि ऑफिसातल्या पोट्ट्या मला हसायला लागल्या.

नवरा गेल्यावर शेत दिराकडे वाहायला दिलं आणि एकुलत्या एक मुलाने आईसाठी बेसाला हे घर बांधलं. तो बायकोसह पुण्याला, कॉम्प्युटरमध्ये. वास्तुपूजा झाली, त्याने हौसेने नर्सरीवाल्याकडून समोर लॉन लावून घेतलं, गाद्यांसारखे तुकडे अंथरतात तसलं, आणि तो पुण्याला परत गेला. पुढची गोष्ट काकू स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना अजिबात हसायच्या नाहीत. सकाळी उठून त्यांनी अंगण बघितलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. गावाकडून ओळखीच्या दोन बाया बोलावल्या, तिघींनी मिळून संध्याकाळपर्यंत अंगण निंदून काळंभोर केलं आणि मुलाला फोन लावला.

"बाबू, तुया नर्सरीवाल्यानं तुले फसवलं. चांगल्या जागेत हरयी लावून गेला तो. म्या सारी काढून टाकली. तू टेन्शन नको घेऊ."

मग तो म्हणाला, "आई, ते लॉन होतं."

आता यात बिचारीचं काय चुकलं? शेतातली हरळी ती शेतातली हरळी. जन्मभर जिच्याशी भांडण, तिलाच कोणी गाडीत घालून आणून विकत लावतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण मुलाचा आवाज पडलेला त्यांना ऐकू आला. कुंपणाबाहेर टाकलेला ढीग चार दिवस उन्हात वाळत होता. दुसरं काही असतं तर मेलं असतं, पण हरळीच ती. काकूंनी तो ढीग परत आत आणला आणि पेरं पेरं करून सगळं अंगण एकटीने लावून काढलं. त्याला तीन आठवडे लागले. तेव्हापासून ते लॉन त्यांच्या डोक्यात बसलं. जी हरळी उपटून आयुष्य गेलं, तिच्यात दुसरं काही उगवू नये म्हणून त्या आता पहारा देत होत्या.

माझं त्यांच्याशी मोठं भांडण एकदाच झालं. तेही पाण्यावरून. नागपूरचा एप्रिल, बाहेर पाय ठेवला तर चटका बसतो, आणि गवत पिवळं पडत चाललेलं. मला दया आली. रोज ऑफिसातून आल्यावर मी पाइप धरून पाच मिनिटं पाणी मारायचे. चौथ्या दिवशी काकूंनी नळच बंद केला.

"कोनं सांगतलं तुले हे?"

"अहो, वाळून चाललंय!"

"रोज शितोडे मारशीन त याच्या मुया वरच राह्यतीन आयशी. अन् मोथ्याले तेच पाह्यजे. हप्त्यातून दोनदा दे, पन पोट भरून दे. खालपर्यंत गेलं पाह्यजे पानी."

मी म्हटलं, तुमचं गवत आणि तुम्ही बघा. दोन दिवस अबोला होता. जूनमध्ये शेजारच्या बंगल्यातलं रोज पाणी पिणारं लॉन मोथ्याने भरून गेलं आणि आमचं स्वच्छ राहिलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माळ्याचीही तीच गत. एक माळी मशीन घेऊन आला आणि त्याने पहिला पट्टा अगदी बुडापासून कापला. काकू ओरडल्या, "भादरून राह्यला का बे त्याले? जमीन उघडी पडली का तन आलंच समज. बोटभर ठेव." तो म्हणाला, सगळीकडे आपण असंच कापतो. त्या म्हणाल्या, मग सगळीकडेच जा. कुठे टक्कल दिसलं की त्याच दिवशी दुसऱ्या बाजूची दोन पेरं आणून तिथे खोचायच्या. शेणखत आणलं तर वर्षभर मुरलेलंच पाहिजे. कच्च्या शेणातून जनावराने खाल्लेलं सगळं बी परत उगवतं म्हणे. आणि एकदा खड्डे भरायला मातीची ट्रॉली मागवली, तर ती लॉनवर न टाकता बाहेर रस्त्यावर पसरवली आणि दोन तास बसून हाताने चाळून गाठी वेचल्या. ट्रॉलीवाला खर्रा चघळत बघत होता. जाताना मला हळूच म्हणाला, "मॅडम, इनको कोई है नहीं क्या?" मला राग आला. मी त्याला म्हटलं, "मैं हूँ ना." म्हणून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

त्यांच्या हिशेबी तणाच्या तीन जाती होत्या. खायचं, देवाचं आणि मारायचं. तरोटा, घोळ, केना, चिवळ हे खायचं, ते उपटून वेगळ्या टोपलीत. आघाडा देवाचा, तो पत्रीसाठी कुंपणाजवळ दोन झाडं राखून. गाजरगवत आणि मोथा मारायचा, गाजरगवत तर फूल यायच्या आधीच, कारण एकदा फूल आलं की उपटतानाच बी सांडतं. आणि गणपतीत तर मजाच. हरळी म्हणजेच दूर्वा, त्यामुळे अख्खी कॉलनी सकाळी आमच्या फाटकाशी. काकूंचा भाव ठरलेला. एकवीस दूर्वा पाहिजे तर एकवीस मोथे काढा, गाठीसकट. नऊवारी, पैठणी नेसलेल्या बायका लॉनमध्ये ओळीने उकिडव्या बसलेल्या, घरून नवऱ्यांचे फोन येताहेत, आरती थांबलीय, आणि काकू मध्ये फिरून म्हणताहेत, "हा तुटला, वहिनी. हा नाई धरत मी." बायका चिडायच्या, पण दुसऱ्या वर्षी परत यायच्या.

दर रविवारी सकाळी दहाला मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन मी धरायचे, कारण काकूंनी धरला की त्याला फक्त त्यांचा कान दिसायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, आणि मग शेवटी, "आई, लॉन दाखव." मी फोन फिरवायचे. तो एकदा मला एकटीला म्हणाला होता, "तब्येतीचं आई कधी खरं सांगत नाही. पण लॉन साफ आहे तोवर आई ठणठणीत आहे, एवढं मला कळतं. ज्या दिवशी तिथे तण दिसेल, त्या दिवशी मी तिला इकडे घेऊन येणार. एकटं नाही ठेवायचं." पुण्याला त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. काकू एकदा जाऊन आल्या होत्या आणि सहाव्या दिवशी परतल्या होत्या. "तठी मातीच नाई वं. झाडू मारला त धूयही दुसऱ्याच्याच घरची." हे घर सोडून जायचं, या एकाच गोष्टीला ती बाई घाबरायची. बाकी कशाला म्हणून घाबरताना मी तिला बघितलं नाही.

आता माझी लबाडी सांगते. ऑफिसातून दमून यायचं आणि चांगल्या कपड्यांत उकिडवं बसायचं, हे मला रोज झेपेना. आमच्या ऑफिसच्या आवारात पार्किंगपाशी ढीगभर मोथा उगवायचा. मी निघताना तिथलाच एक गाठीसकट उपटून ओल्या रुमालात गुंडाळून आणायला लागले. फाटकात वाकल्यासारखं करायचं आणि तो पुढे करायचा. पहिल्याच दिवशी पकडले गेले.

"अठची माती कायी हाय. याले लाल मुरूम कायले लागला वं?"

बापा! मी बसून दोन काढले, एक दंड म्हणून. त्यानंतर अधूनमधून मी ते करायचेच, आणि त्या दर वेळी पकडायच्या. तो आमच्यातला खेळच झाला होता. मग तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका संध्याकाळी, मी लाल मातीची गाठ पुढे केली. काकूंनी ती हातात घेतली, देठ अंगठ्याने आणि बोटाने जरा फिरवला, म्हणाल्या, "बरं, जा." आणि परत खाली बघायला लागल्या.

मी जिन्यात उभी राहिले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत लालच आणली. परत, "बरं, जा." मग मी लांबून त्यांना नीट बघितलं. त्या पातं बघतच नव्हत्या. एकेक देठ चिमटीत धरून फिरवत होत्या. मोथ्याचा देठ तिकोनी असतो, हरळीचा गोल. तीन धारा लागल्या की उपटायचं, नाही लागल्या की सोडायचं. अख्खं लॉन त्या बोटांनी वाचत होत्या.

मी जाऊन समोर बसले. "काकू, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"दिसते नं. धुकं धुकं दिसते."

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"गेली होती. मोतीबिंदू म्हनते. दोन्हीत. पिकला म्हनते."

"मग ऑपरेशन करून टाकू ना! अर्ध्या तासाचं काम असतं ते आता."

त्यांनी विळा खाली ठेवला. "ऑपरेशन म्हटलं का पोरगा येईन. पोरगा आला का म्हनन, आई, तुले दिसत नाई, तू एकटी कायले राह्यतं, चाल. अन् ऑपरेशन झालं का महिनाभर वाकाचं नाई, मातीत हात घालाचा नाई. या पान्यापावसात महिनाभर सोडलं त काय उरन अठी? तो पाह्यन अन् घेऊनच जाईन मले. तू कोनाले सांगजो नको. माया गयाची शपथ हाय तुले."

मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांचा चेहरा बघून माझी हिंमत झाली नाही. उलट मी त्यांची साथीदार झाले. रविवारी फोन फिरवताना चांगला कोपरा तेवढा दाखवायचे, पायरीजवळचा, आणि "दादा, नेट जातंय" म्हणून बंद करायचे.

श्रावणात आठ दिवस झड लागली. सूर्य नाही, उघाड नाही, काकूंना अंगणात बसता येईना. नवव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा मोथा हरळीच्या वर वीतभर निघालेला. आता चांगला कोपराच उरला नव्हता. आणि त्याच रविवारी मुलगा म्हणाला, "आई, पोळ्याला येतोय मी." पोळा पंधरा दिवसांवर होता. काकू दिवसभर बोटांनी चाचपत बसायच्या, एका दिवसात साडीच्या पदराएवढी जागा साफ व्हायची, आणि पुढच्या जागेवर जाईपर्यंत मागे परत हिरवं. गुडघे सुजले होते. मी सकाळी ऑफिसच्या आधी तासभर बसायचे, पण माझ्या हाताला दहातल्या चार गाठी यायच्या.

म्हणून मी शहाणपणा केला. चौकातल्या कृषी केंद्रात गेले आणि म्हटलं, "मोथा मारायचं औषध द्या."

दुकानदाराने विचारलं, "पीक कोनतं हाय?"

दुकानात चार शेतकरी उभे होते. कोणी सोयाबीन म्हणत होतं, कोणी कपाशी. त्यांच्यात मला 'लॉन' म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, "पीक काही नाही हो. घरची जागा आहे."

"पीक नाई नं? मंग हे न्या. काहीच राह्यत नाही याच्यानं."

त्याचं काय चुकलं? त्याने नीट विचारलं, मी नीट उत्तर दिलं नाही. काकू दुपारच्या झोपल्या होत्या, ऊन चांगलं होतं, मी शेजाऱ्यांचा पंप आणून सगळीकडे एकसारखं फवारलं. अगदी कोपऱ्याकोपऱ्यात. स्वतःवर खूश होते मी.

पाचव्या दिवशी लॉन पिवळं पडलं. आठव्या दिवशी वाळून त्याचं तणस झालं. मोथाही गेला होता, खोटं कशाला बोलू. पण हरळीही गेली होती. काकूंना रंग दिसला नसेल, पण सकाळी त्यांनी तळहात फिरवला आणि थांबल्या. "हे काहून कुरकुर करून राह्यलं वं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना रडायला लागले. तीन दिवसांवर पोळा आला होता, आणि त्यांच्याजवळ पुराव्यासारखी जी एकच गोष्ट होती ती मी माझ्या हाताने जाळून टाकली होती. मला वाटलं आता खोली सोड म्हणतील. काकू बराच वेळ तळहात तसाच फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "चायीस वर्सं म्या इले मारून पाह्यलं. वखरानं, वियानं, उन्हात टाकून. मेली नाई. तुया एका डब्ब्यानं मरन का वं? रडू नको. चहा मांड."

मुलगा पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आला. फाटक उघडून तो तिथेच उभा राहिला. बॅग खाली ठेवायचीही त्याला शुद्ध नव्हती. मी धावत खाली गेले. "दादा, हे माझ्यामुळे झालं. मी चुकीचं औषध मारलं. काकूंचा काही दोष नाही."

"पण आईनं मारू कसं दिलं?" तो म्हणाला. "आईनं डबा बघितला असता तर तुला..." आणि मध्येच थांबून त्याने मला विचारलं, "आईनं बघितलं नाही?"

मी उत्तर दिलं नाही. तेवढं त्याला पुरलं. काकू ओट्यावर उभ्या होत्या, आवाजाच्या दिशेने तोंड करून, आणि त्यांचं तोंड आमच्यापासून हातभर चुकलं होतं.

तो रागावला नाही. रागावला असता तर काकू भांडल्या असत्या, ते त्यांना जमलं असतं. तो फक्त म्हणाला, "आई, परवा ऑपरेशन करू. मग पुण्याला चल." काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरं." माझ्या समोर त्या कधीच एवढ्या लवकर हरल्या नव्हत्या. मी वर जाऊन दार लावून घेतलं. शपथ मोडली होती मी, शब्द न बोलता.

आधी उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि काकूंना ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं. वाकायचं नाही, मातीला हात नाही, दर चार तासांनी थेंब. मुलगा घरूनच काम करत होता, पण संध्याकाळ झाली की आईला बरं वाटावं म्हणून तो लॉनमध्ये बसायचा. मोथा गाठींमधून परत निघाला होताच, त्याच्या नंतर दोन-चार दिवसांनी हरळीचीही टोकं दिसायला लागली. आणि हा गृहस्थ, शेतकऱ्याचा मुलगा, मोथा ठेवून हरळी उपटत होता. मी चहा घेऊन आले होते. मला वाटलं आता काकू ओरडतील.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी काळा चष्मा काढला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. लॉनकडे नाही, त्याच्याकडे.

"बाबू, अठी ये."

तो आला. त्यांनी त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "केस कधी पिकले तुये?"

"झाली दोन वर्षं, आई."

"गाल बसले. हे काय, शर्टाचा दोरा लोंबून राह्यला. सूनबाई पाह्यत नाई का?"

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "तिला काम असतं."

"बाबू. सूनबाई कुठी हाय?"

चहाचा ट्रे माझ्या हातात तसाच. तो पायरीवर बसला. खाली बघत म्हणाला, "दीड वर्ष झालं, आई. ती तिच्या आईवडिलांकडे आहे. परत येणार नाही. तुला काय सांगू म्हणून..." दर रविवारी फोनवर तो नेहमी एकाच भिंतीपुढे बसलेला असायचा, पुस्तकांचं कपाट असलेल्या. मला वाटायचं त्याला ती जागा आवडते. बाकीचं घर त्यालाही दाखवायचं नव्हतं.

काकू रडल्या, पण थोड्याच. डॉक्टरने रडायचं नाही सांगितलं होतं, आणि तो थेंबांची बाटली घेऊन लगेच उभा राहिला. त्याला हाताने बाजूला सारून त्या म्हणाल्या, "तू मले दर रविवारी लॉन दाखव म्हने. म्या तुले एकदाही घर दाखव म्हटलं नाई रे." मग नाक पुसून मला म्हणाल्या, "चहा दे त्याले आधी. साखर जास्त टाक."

पुढे दुसरा डोळाही झाला, त्याचाही महिना सरला. वाकायची परवानगी मिळाली. मुलगा आता पुण्याचं नाव काढत नव्हता, उलट म्हणत होता, आई, तुला इथेच बरं वाटतं तर राहा. आणि काकू पितळी डबे बांधत होत्या.

मला राहवलं नाही. "काकू, तुम्हाला जायचं नव्हतं ना? आता तर दिसतंय, आता कोण नेतंय तुम्हाला?"

"नेलं असतं त रडत गेली असती. आता मी जाऊन राह्यली. फरक हाय त्यात."

त्या गेल्या तो दिवस गुरुवार होता. गाडीत सामान भरलं, मुलगा पुढे बसला. लॉन तोवर निम्मंशिम्मं हिरवं झालं होतं, त्यात मोथाही भरपूर. मी खिडकीशी जाऊन विचारलं, "याचं काय करू मी, काकू? मला एकटीला नाही जमणार."

त्यांनी एकदा लॉनकडे बघितलं आणि मग पुढच्या सीटवर मोबाइल चाळणाऱ्या मुलाच्या पांढऱ्या डोक्याकडे.

"नाई जमलं त राहू दे," त्या म्हणाल्या. "हरयी हाय वं ते. तिले कोनी लागत नाई."

आणि पुढे वाकून त्यांनी त्याच्या कॉलरचा लोंबणारा दोरा दातांनी तोडून टाकला.